राखाडी कोटाचं अस्तर

माझी ताई ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवते. म्हणजे पाटी भावजींच्या नावाची, गल्ल्यावर बसणार भावजी, गिऱ्हाइकांशी गोड बोलणार भावजी, आणि दुकान चालवणार ताई. कपडा हातात आला की तिला कळतं, डाग चहाचा आहे की औषधाचा, बाही कोपरावर टेकून झिजलीय की ओढाताणीत उसवलीय. एका बाईच्या ओढणीवरून तिने ओळखलं होतं, की ही बाई नोकरी सोडून आलीय आणि घरी अजून सांगितलेलं नाही. कसं ओळखलंस विचारलं तर म्हणाली, "दिसतं की." तिला दिसतं आणि आपल्याला दिसत नाही, यात तिला स्वतःचं काही मोठेपण वाटत नाही. मला आपला उगाच राग येतो.

पण दिवस आखडायला लागले की ताईचं हे दिसणं बंद पडतं. लहानपणापासून असंच. दिवे लवकर लावावे लागतात ते महिने आले की ती बोलायची कमी होते, केस विंचरणं तिच्या जिवावर येतं, एकाच कॉलरवरून इस्त्री फिरवत उभी राहते. आई याला आळस म्हणायची आणि पाठीत धपाटा घालायची. पुढे डॉक्टरांनी त्याला बरंसं नाव दिलं, गोळ्या दिल्या, सकाळी प्रखर दिव्यासमोर बसायला सांगितलं. ताई बसते. दिव्यासमोर बसलेली ताई बघितली की मला रडू येतं, म्हणून मी त्या वेळी जातच नाही.

"दिसत नाही असं नाही गं," ती मला एकदा म्हणाली होती. "डाग दिसतो. पण त्याचं काही वाटतच नाही. असला काय, नसला काय."

ताई वाचायची त्या फक्त रहस्यकथा, त्याही मालिकेतल्या. एकच माणूस दर पुस्तकात नवा गुन्हा शोधतो, तसल्या. भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानातल्या सगळ्या वाचून झाल्या, तेव्हापासून तिच्या मनात स्वतःची एक मालिका होती. नायिका कपडे धुणारी बाई. दर गोष्टीत एक कपडा. कपड्यांची नावं ठरली होती, क्रम ठरला होता, शेवटच्या गोष्टीत लग्नाचा शालू येणार हेही ठरलं होतं. अडलं होतं ते पहिल्या गोष्टीपाशी.

"पुढच्या गोष्टी सोप्या असतात," ती म्हणायची. "पहिलीत सगळं बांधावं लागतं. बाई कोण, दुकान कसं, आणि इतरांना दिसत नाही ते हिलाच का दिसतं. ते 'का' मला सापडत नाही."

मागच्या अंधाऱ्या दिवसांत ते सापडलं. एका कोटात सापडलं.

कोट राखाडी, लांब, जुना पण चांगल्या कापडाचा. ताई वर जेवायला गेली असताना कोणी उंच गृहस्थ देऊन गेला, असं भावजी म्हणाले. आमच्या दुकानात कपडा आला की गिऱ्हाइकासमोरच खिसे उलटे करायचे आणि इस्त्री होईपर्यंत तसेच बाहेर लोंबत ठेवायचे, असा नियम आहे. त्यामुळे खिशातलं काही मागे राहायचा प्रश्नच नाही. पण इस्त्री करताना ताईच्या बोटांना कोटाच्या खालच्या दुमडीत काहीतरी कडक लागलं. खिशाला भोक होतं, त्यातून वस्तू कापड आणि अस्तराच्या मधे घसरली होती. तिने दुमडीतून ती सरकवत सरकवत भोकापर्यंत आणून बाहेर काढली. छोटीशी चावी होती.

भावजी म्हणाले, "मी विचारलं त्यांना. म्हणतात, माझी नाही."

काही दिवसांनी तोच कोट पुन्हा आला. या वेळी दुमडीत बाहुलीचा बूट होता. गृहस्थ पुन्हा म्हणाला, माझा नाही. तिसऱ्या वेळी चष्म्याची तुटलेली काडी. तीही त्याची नाही. ताई म्हणाली, ते भोक तरी शिवून देते. आमच्याकडे एवढी बारीक शिवण फुकट असते. तर भावजी म्हणाले, "नको. त्यांनी मुद्दाम सांगितलंय, अस्तराला हात लावायचा नाही."

झालं. ताईने कान टवकारले.

"खिशाला भोक आहे आणि ते फुकटातही शिवू नका म्हणतो, असा माणूस पाहिलायस कधी?" तिने मला विचारलं. मी दातांच्या दवाखान्यात नंबर पुकारते, तऱ्हेतऱ्हेची माणसं बघते. असा नव्हता पाहिला.

मी दर रविवारी जायचे. ताईने वेणी घातलेली असायची. भावजी, समोरचा बेकरीवाला आणि मी इस्त्रीच्या टेबलाभोवती बसायचो आणि ताई गोष्ट बांधायची. मला पहिल्याच पानावर प्रेत हवं होतं. ताईने नाक मुरडलं. "मेलेलं माणूस कशाला? हरवलेलं पुरे." मी म्हटलं, बाहुलीचा बूट म्हणजे मूल हरवलंय. ती म्हणाली, "मूल नाही, बाहुली. आणि ती शोधणारं मूल आता साठ वर्षांचं आहे." माझ्या अंगावर काटा आला. बेकरीवाल्याने खारी पुढे केली आणि विचारलं, "पण ताई, मग त्या काडीचं काय?" ताईने त्या काडीवर अर्धा तास घालवला. ती हसत होती, हात हलवून बोलत होती, बाहेर लवकरच अंधारून रस्त्यावरचे दिवे लागले होते आणि तिचं तिकडे लक्षही नव्हतं.

आणि तिला ते 'का' मिळालं. "माझ्या बाईलाही हे दिवस सोसत नाहीत," ती म्हणाली. "पण हिला त्याच दिवसांत जास्त दिसतं. बाकीच्यांचं बरं चाललेलं असतं ना, त्यांचं लक्ष नसतं. ही गप्प बसलेली असते, म्हणून हिला दिसतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला वाटायचं, वर्षातले हे महिने माझे फुकटच जातात. तसं नसेल बघ कदाचित."

त्या दिवशी मी घरी जाताना रस्त्यात रडले, आनंदाने. मूर्ख कुठली.

गोष्टीत एक गाठ सुटत नव्हती. भोक पडलं कसं? चाव्यांनी खिसा झिजला असेल तर माणूस निष्काळजी. मुद्दाम पाडलं असेल तर लबाड. तो यातला कोण, यावर गोष्टीचा शेवट ठरणार होता. कोट पुन्हा आला तेव्हा ताईने ठरवलं, अस्तराला हात लावायचा नाही तर नाही, पण नीट बघायला कोणाच्या बापाची बंदी नाही. उलट्या खिशातलं ते भोक तोवर तिने कामाच्या घाईत ओझरतंच पाहिलं होतं. आता तिने कोट खिडकीशी नेला आणि भोकाची कड उजेडात धरली. मी शेजारी उभी होते.

मग तिने कोट गल्ल्यावर पसरला, खणातून कात्री काढली आणि शेजारी ठेवली.

कपड्यांवर नंबर लावायच्या कापडी पट्ट्या आम्ही दातेरी कात्रीने कापतो, धागे सुटू नयेत म्हणून. ती कात्री शिंप्याकडे असते किंवा आमच्यासारख्यांकडे. घरात कोणी ठेवत नाही. खिशाच्या भोकाची कड बारीक दातेरी होती. आमच्या कात्रीचा एक दात तुटका आहे. भोकाच्या कडेलाही एक दात नव्हता.

भावजी कपडे पोचवून शीळ घालत आले.

"हे काय आहे?" ताईने विचारलं.

"भोक."

"कुणी पाडलं?"

भावजींनी कात्रीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग चक्क हसले. "सापडलं तुला! मी म्हणत होतोच, ही शोधून काढणार."

"कोट कुणाचा?"

"बेकरीवाल्याच्या मेहुण्याचा. पडूनच होता."

"चावी?"

"बेकरीतल्या जुन्या कपाटाची. अगं, पण तू..."

"बूट?"

"केमिस्टच्या नातीचा."

"म्हणजे केमिस्टलाही माहीत आहे."

मग एकेक करून सगळं निघालं. केमिस्टला माहीत होतं. बेकरीवाल्याला माहीत होतं, त्याच्या बायकोला माहीत होतं, पेपर टाकणाऱ्यालाही माहीत होतं. गल्लीभर माहीत होतं, आणि सगळे मूग गिळून बसले होते. माहीत नव्हतं ते ताईला आणि मला. मला का नाही सांगितलं विचारलं, तर भावजी म्हणाले, "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही." तेवढं मात्र खरं बोलले.

"तुला बरं वाटावं म्हणून केलं गं," ते ताईला म्हणाले. "आणि बरं वाटलं की नाही? जेवायला लागलीस, हसायला लागलीस. गोळ्यांनी झालं नव्हतं एवढं झालं. मी काय वाईट केलं?"

"बरं वाटलं," ताई म्हणाली. "मला वाटलं, मला दिसतंय."

"दिसलंच की! कात्री ओळखलीस."

"हो. तेवढंच खरं निघालं."

लोक म्हणतात केसाने गळा कापला. माझ्या बहिणीचा कात्रीने कापला, तोही प्रेमाने, आणि कापणारा अजून विचारतोय माझं काय चुकलं. मी भावजींना तोंडाला येईल ते बोलले. बेकरीवाल्याला रस्त्यावर उभं करून बोलले. तो बिचारा म्हणाला, "आम्हालाही गोष्ट आवडायची हो, खरंच. शेवट काय होतो म्हणून आम्ही वाट बघत होतो." मी म्हटलं, झाला शेवट, आता खारी खा.

ताई कुणाला काही बोलली नाही. तिने खिसा शिवला, अगदी बारीक टाक्यांनी, कोटाला इस्त्री केली, प्लास्टिक चढवलं आणि बेकरीवाल्याच्या दारात नेऊन अडकवला. पुढे मी एकदा विचारलं, गोष्ट पुरी करतेस का? म्हणाली, "झाली की. नवऱ्याने केलं. पहिल्याच गोष्टीत कळलं, मग मालिका कसली?" तिने हसायचा प्रयत्न केला, मलाच जमलं नाही.

दिवस मोठे झाले तशी ती नेहमीप्रमाणे सावरली. डाग ओळखायला लागली, गिऱ्हाइकांशी बोलायला लागली. भावजींना वाटलं, मिटलं. पण तिचं एक बदललं होतं. कोणाच्या बाहीत, दुमडीत काही अडकून राहिलेलं सापडलं तर ती पूर्वी त्यावरून दहा गोष्टी सांगायची. आता ती भावजींकडे एकदा बघायची आणि वस्तू पाकिटात टाकायची.

यंदा पुन्हा दिवस आखडले. ताई दिव्यासमोर बसायला लागली. मी रविवारी गेले तेव्हा ती एका पुरुषाच्या काळ्या कोटाला इस्त्री करत होती. म्हातारी बाई आणून देऊन गेली होती, नवऱ्याचा कोट, आता नातवाला द्यायचाय म्हणून. ताईची बोटं दुमडीपाशी थांबली. खिशाची शिवण झिजून विरलेली होती, धागे लोंबत होते. तिने आतून एक अंगठी काढली. बायकांच्या बोटाची, पातळ, एका बाजूने घासलेली.

ताईने ती गल्ल्यावर ठेवली. "पुरे करा आता," ती भावजींना म्हणाली.

"मी नाही ठेवली," भावजी म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "शपथ घेतो, मी नाही ठेवली."

"बरं."

"अगं, खरंच नाही! शिवण बघ ना. तू बघ तरी."

ताईने बघितलं नाही. मी बघितली. ती झिजूनच गेली होती, वर्षानुवर्षं हात घालून घालून. मी म्हटलं, "ताई, भावजी खरं बोलतायत." तर तिने माझ्याकडे असं बघितलं, की मीही आता त्यांच्यातली झाले होते.

संध्याकाळी म्हातारी कोट न्यायला आली. भावजींनी अंगठी तिच्या तळहातावर ठेवली. बाई आधी नुसती बघत राहिली. मग तिथल्या स्टुलावर बसली आणि अंगठी गालाला लावून रडायला लागली. तिची लग्नाची अंगठी होती. नवऱ्याने सैल होते म्हणून घट्ट करायला नेली आणि हरवून आला. त्यावरून ती त्याला जन्मभर टोचून बोलली होती. विकून खाल्लीस, असंही म्हणाली होती. आणि ती त्याच्याच कोटात होती, तो जाईपर्यंत, त्याच्या अंगावर.

"कुणाला सापडली?" तिने डोळे पुसत विचारलं. "कुणाला दिसली हो?"

भावजींनी ताईकडे बोट दाखवलं. म्हातारी उठली आणि ताईचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. तिच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं.

ताईने तिचा चेहरा नीट न्याहाळला, डाग बघते तसा. मग हलक्या, समजुतीच्या आवाजात म्हणाली, "आजी, यांनी तुम्हाला काय काय सांगून पाठवलंय?"

म्हातारीला काही कळलं नाही. ती एकदा माझ्याकडे, एकदा भावजींकडे बघत राहिली. ताईने हळूच आपले हात सोडवून घेतले, कोटावर प्लास्टिक चढवलं आणि पुढचा कपडा टेबलावर ओढला. भावजी गल्ल्यामागे खाली बसले, ते बाई गेल्यावरही उठले नाहीत.