बहिणीची कोकरं

कत्तलखान्यात त्याला सगळे अंगठेबहाद्दर म्हणत. सही झोकदार करायचा, पण दिवसभर चालवायचा तो अंगठाच. हुकाला लटकलेलं कोकराचं धड समोर आलं की आधी मागून त्याची ठेवण बघायची, मांड्या भरलेल्या की वाळलेल्या. मग कमरेवर अंगठा दाबून चरबीचा थर जोखायचा. चरबी मोठी लबाड, हडकुळ्यालाही गोलमटोल दाखवते. तिच्या आतलं धड ओळखायचं आणि प्रतीचा शिक्का उमटवायचा; कळपवाल्याला भाव त्यावरच मिळायचा.

ज्याच्या हातात शिक्का, त्याला मित्र परवडत नाहीत. कळपवाल्यांचा चहा घेतला तर मालक डोळे वटारणार, मालकाचा घेतला तर कळपवाले. म्हणून तो डबा एकटाच खायचा आणि घरी जाऊन भिंतींकडे बघत बसायचा. आई गेल्यापासून दाराची कडी वाजवणारंही कुणी उरलं नव्हतं. माणसाने एकटं पडावं ते किती, याला काही सुमार?

अशात धाकट्या बहिणीची कोकरं आली. तिने नुकताच कळप पाळायला घेतला होता, आणि काम आटोपल्यावर ती त्याच्याकडे मुक्कामाला येणार होती. त्याने सकाळीच घर झाडून पुसून लख्ख केलं होतं.

काचेपलीकडे कळपवाले उभे होते, त्यांच्यात तीही होती. तिच्या पहिल्या कोकराचं धड समोर आलं. पाठ रुंद, मांड्या भरदार, चरबी बेताची. पहिली प्रत, त्याने डोळे मिटूनही सांगितलं असतं. पण काचेपलीकडचे लोक काय म्हणतील, या विचाराने हात कचरला. त्याने दुसऱ्या प्रतीचा शिक्का मारला. मग उरलेल्यांनाही तोच.

शेवटी तपासनीस फेरीला आला. त्याने काही धडं चाचपली, सगळे शिक्के बदलायला लावले आणि आज तुला झालंय काय, असं सर्वांदेखत विचारलं. अंगठेबहाद्दराला लाज वाटण्याऐवजी हायसंच वाटलं. चला, बहिणीचं नुकसान टळलं.

फाटकाशी तो लगबगीने तिच्याकडे गेला. लोकांनी बोट दाखवू नये म्हणून तसं केलं, असं सांगू लागला.

"परक्यांना देतोस तेवढं तरी मला द्यायचं होतंस, दादा," ती म्हणाली.

त्याने जेवणाचा विषय काढला.

"नको, पुन्हा कधीतरी येईन."

ती रागाने म्हणाली असती, तर त्याने हाताला धरून नेलं असतं. पण ती परक्याशी बोलावं तशी गोड बोलली.