मंदाताईंनी न केलेली सही

मंदाताई पाटील यांची आणि माझी पहिली भेट वसई पूर्वेच्या एका रंगरसायनांच्या कारखान्यात झाली. मी माणिकपूरचा, पदवी घेऊन नुकताच तिथल्या प्रयोगशाळेत लागलो होतो. ताई प्रयोगशाळेच्या प्रमुख. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्याकडून एकच चाचणी पाच वेळा करून घेतली. मी जुळणारी तीन उत्तरं वहीत उतरवली. त्या म्हणाल्या, "उरलेली दोन कुठे गेली? जे आलं ते सगळं लिहायचं." त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी तसंच लिहिणार आहे, त्यात मला कमीपणा येणार असला तरी.

त्याच वर्षी आमच्या कंपनीत परदेशी भांडवल आलं. आम्ही पेढे वाटले होते. कारखाना दुप्पट झाला, आसपासच्या गावांतली माणसं कामाला लागली. ताईंनाही मनापासून आनंद झाला होता. वाढला नाही तो फक्त सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट. माल दुप्पट निघत होता, पण टाक्या जुन्याच होत्या. न मावणारं पाणी पावसाळ्यात गुपचूप नाल्यात सोडलं जाई आणि तिथून खाडीकडे जाई. ताईंनी याबद्दल व्यवस्थापनाला दोनदा लेखी कळवलं. उत्तर आलं नाही.

एका श्रावणात खाडीकाठचे शेतकरी काशिनाथकाका हातात बाटली घेऊन फाटकावर आले. वॉचमन त्यांना आत सोडेना. ताई स्वतः बाहेर गेल्या.

"मॅडम, जरा पानी बगा. शेतान शिरला, भात पिवला परला."

दुसऱ्या दिवशी ताईंनी मला स्कूटरवर मागे बसवून काकांच्या शेतावर नेलं. बांधाला तांबूस फेस चिकटला होता. गुडघाभर पाण्यात उतरून ताईंनी नमुने भरले. संध्याकाळपर्यंत त्यांच्या पायांवर चट्टे उठले होते. तपासणीत जे सापडलं ते आमच्याच कारखान्यातलं होतं, यात शंका उरली नाही. ताईंनी अहवाल लिहून मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवला.

आठवड्याभरात परदेशातले भागीदार पाहणीला येणार होते. मॅनेजरसाहेब एक स्वच्छ बाटली घेऊन प्रयोगशाळेत आले.

"मॅडम, हा शेवटच्या टाकीतला नमुना. याच्यावर अहवाल करा. पुढची गुंतवणूक यावर अडलीय. किती घरं यावर चालणार आहेत, जरा विचार करा."

"साहेब, हे नळाचं पाणी आहे," ताई म्हणाल्या. "पाहुणे विमानानं परत जातील. ते शेतकरी कुठे जातील?"

साहेबांनी अहवालाचा कागद माझ्यापुढे सरकवला. माझी नोकरी कायम व्हायची होती. मी सही केली. ताईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, एप्रन काढून खुंटीला लावला आणि त्या बाहेर गेल्या. त्यांची बदली गोदामात झाली. महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला.

नंतर त्यांनी सरकारदरबारी तक्रार केली, तेव्हा कामगारच त्यांच्यावर उलटले. एकानं त्यांना निर्मळ गावच्या रस्त्यात अडवून विचारलं, "तुमची केळीची वाडी आहे. आमचं काय?" त्यांच्या घराच्या ओटीवर मात्र बाटल्यांची रांग लागू लागली. जो येईल त्याचं पाणी त्या तपासून देत, एक पैसाही न घेता.

दोन वर्षांनी मी त्या ओटीवर जाऊन बसलो. म्हटलं, "ताई, मी चुकलो."

"चुकलास," त्या म्हणाल्या. "लेखी देशील?"

त्या खोट्या अहवालाबद्दल मी लेखी दिलं. माझी नोकरी गेली. त्यानंतर ताई मला घेऊन तीन शाळांच्या पायऱ्या चढल्या, आणि तिसऱ्या शाळेत मला विज्ञान शिकवायचं काम मिळालं. आजही तेच करतो.

ताईंच्या तक्रारीवरून कारखाना बंद करण्याचा आदेश झाला. भांडवल आलं तसंच परत गेलं, यंत्रं दुसऱ्या राज्यात गेली. कामगार घरी बसले. काशिनाथकाकांच्या शेतात मात्र पुन्हा भात उगवला नाही. त्यांनी जमीन विकून टाकली. तिथे भराव घालून परदेशी मालाचं गोदाम उभं राहिलं. सत्तरीतले काका आज त्याच गोदामाच्या फाटकावर राखण करतात. हे लिहिताना ताईंचा विजय झाला असं म्हणण्याची माझी हिंमत होत नाही. त्यांनीही ते कधी म्हटलं नाही.

शेतकऱ्यांच्या भरपाईची सुनावणी अजून चालू आहे. प्रत्येक तारखेला ताई जातात. प्रयोगशाळेतल्या वाफांनी त्यांची छाती कमजोर झाली आहे, जिने चढताना त्यांना थांबावं लागतं. मागच्या खेपेला पुन्हा पुढची तारीख पडली, तेव्हा काका म्हणाले, "मॅडम, तवर आपन रहू ना?"

"मी येणार," ताई म्हणाल्या. "तुम्हीही यायचं."

मंदाताईंना उदंड आयुष्य मिळो, त्यांचा श्वास मोकळा राहो, आणि त्या दाव्याचा निकाल त्यांनी आणि काकांनी शेजारी बसून आपल्या कानांनी ऐकावा.