पासष्टचा दिवा

तुळशीच्या लग्नासाठी मी वृंदावनाशेजारी लावायला सौरदिवा आणला आणि त्याच्या बुडाशी छापलेलं 'आयपी ६५' वाचून हरखूनच गेलो. सहा म्हणजे धुळीचा कणही आत शिरणार नाही, पाच म्हणजे पाण्याची धारसुद्धा सोसेल. एवढी मोठी हमी, आणि ती दोन आकड्यांत. मग माणसांना असे आकडे का नसावेत? मला पहिला आकडा सहाच मिळेल, कारण बायकोचा सल्ला माझ्यात कणभरही शिरत नाही. दुसरा मात्र शून्य. कौतुकाचे दोन थेंब पडले की मी आतून भिजतो.

संध्याकाळी शेजारीपाजारी जमल्यावर मी मोठ्या ऐटीत पेटत्या दिव्यावर तांब्याभर पाणी ओतलं. दिवा अर्धा भरला, लुकलुकला आणि विझला.

"मासे कधी सोडताय, भावोजी?" शेजारच्या सुलूवहिनी म्हणाल्या.

तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून कोथिंबिरीची जुडी घेऊन आली. जुडीला काळं रबरी कडं होतं.

"अहो, सकाळी दिवा उघडून बघत होतात ना, तेव्हा हे टेबलावर राहिलं. मला वाटलं, जास्तीचं असेल."

पाणी कसं अडतं ते बघायच्या नादात मी अडवणारंच काढून ठेवलं होतं. त्या कडक डब्याचं सगळं बळ या मऊ कड्यात होतं तर.

बायकोनं पणती लावली आणि वारा लागू नये म्हणून ज्योतीला तळहाताचा आडोसा केला. मी उत्साहानं धावत जाऊन दुसऱ्या बाजूनं हात लावला.

"नुसता धरा," ती हळूच म्हणाली. "उघडून बघू नका."