पिवळ्या पानावरचा रिकामा चौकोन

सुईत दोरा ओवताना ती डावा डोळा मिटायची. कात्री कुणाच्या हातात द्यायची नाही, टेबलावर ठेवायची आणि समोरच्याने उचलायची वाट बघायची. चहा बशीत ओतून गार करायची, परत कपात ओतायची, मग प्यायची. कपडा हातात आला की आधी उलटा करायची. रंग बघायचा असला की उठून दारात जायची, दिव्याखाली कधीच नाही. समोरचा थापा मारायला लागला की त्याच्या शर्टाच्या बटणांकडे बघत बसायची. आणि दुपारी दोनला लाँड्रीचं शटर अर्धं खाली आलं की पदराने चष्मा पुसून वही उघडायची.

मंगळवारी ती गेली. आज शनिवार आहे.

तिला सगळे रफूताई म्हणत. लाँड्रीच्या कोपऱ्यात, इस्त्रीच्या टेबलामागे तिची खुर्ची होती. वरच्या मजल्यावरच्या खोलीत मी भाड्याने राहते आणि परीक्षांच्या गाईडांची मुद्रितं तपासते. साहित्यात एम.ए. केलंय हे मी पहिल्याच भेटीत सांगून बसले. तेव्हापासून मी ‘एमे’.

“एमे, तुझ्या स्वेटरला कोपरात भोक आहे.”

“असू दे हो.”

“असू दे काय? काढ इकडे.”

तिने स्वेटर उलटा केला, आतल्या शिवणीतून एक धागा ओढून काढला आणि त्यानेच भोक विणलं. बाहेरचा धागा कितीही जुळता असला तरी दोन धुण्यांत उघडा पडतो, असं ती म्हणायची. धागा त्याच कपड्याकडे मागायचा. मी नंतर ते भोक शोधत बसले. सापडलं नाही.

वही म्हणजे शाळेतल्या मुलांची चित्रकलेची, जाड पानांची. एका महिन्याला एक रंग. महिनाभर त्या रंगाचं जे हाती लागेल ते त्या पानावर: उरलेले धागे, तिकिटं, पाकिटांचे कोपरे, औषधाच्या पट्टीचा चमचमता कागद. विकत काही आणायचं नाही. मध्ये जागा उरली तर रंगीत पेन्सिलीने हलके हलके भरायची. चित्र असं काही नसायचं. करड्या रंगाच्या पानावर तिने चुरगळलेल्या पिशव्या, राखाडी दोरे आणि शेठच्या मिशीचा एक केस चिकटवला होता. केस कसा मिळवला याची तिने ताकास तूर लागू दिली नाही.

“बाई, गिऱ्हाइकांच्या कपड्यांपेक्षा तुमच्या वहीलाच जास्त वेळ लागतो,” लाँड्रीचे शेठ म्हणायचे.

“तुम्ही इस्त्रीने भोकं पाडायचं थांबवा शेठ, मी वही थांबवते.”

मला ती म्हणाली होती, “दिवसभर दुसऱ्याचं फाटलेलं बघायचं. अर्धा तास हे केलं की डोकं निवतं.” पुढे मीही तिच्याशेजारी स्टूल ओढून बसायला लागले. मी चिकटवायची, ती वाकडं झालेलं सरळ करायची. आम्ही फारसं बोलत नसू.

कुठल्या महिन्याला कुठला रंग, हे चिठ्ठी ठरवायची. पावडरच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या होत्या. काढलेली चिठ्ठी परत टाकायची नाही, हा नियम.

एकदा ती दातांच्या डॉक्टरकडे गेली होती. मी वही चाळली. झालेले रंग मोजले, डब्यातल्या चिठ्ठ्या मोजल्या. दोन्ही मिळून अकरा भरले. पिवळा कुठेच नव्हता. माझं कामच गळलेलं शोधायचं. मजकुरात सुटलेला शब्द घालावा तशी मी एक चिठ्ठी लिहिली आणि डब्यात टाकली. तिला सांगितलंही नाही. उलट, बारा पुरे केले म्हणून मनात खूश झाले.

तीन महिन्यांनी ती चिठ्ठी निघाली.

तिने ती उलगडली आणि दारात जाऊन उजेडात धरली.

“हे अक्षर तुझं.”

“हो. पिवळा राहिला होता ना.”

“राहिला नव्हता गं. मी ठेवला नव्हता.”

तिने चिठ्ठीची घडी घातली आणि कुणाच्या तरी पँटची चेन बसवायला घेतली. तीन दिवस वही उघडली नाही. तीन दिवस मी जिन्यावरून खाली येऊन परत वर जात होते.

चौथ्या दिवशी तिनेच हाक मारली. “एमे, स्टूल घे.”

तिला मुलगी होती. सात वर्षांची. हे मला माहीत नव्हतं. ओळखीला दोन वर्षं झाली होती आणि मी कधी विचारलं नव्हतं. मुलीला ताप आला, चार दिवस उतरला नाही, तेव्हा दवाखान्यात न्यायचं ठरलं. पोरीने हट्ट धरला, पिवळाच फ्रॉक घालून येणार. फ्रॉकचा घेर खेळताना उसवला होता. निम्मा शिवून झाला होता.

“मी म्हटलं, टाके राहिलेत बाळा, उद्या घाल. दुसराच घालून नेलं. ती परत घरी आलीच नाही.” तिने कात्री टेबलावर ठेवली. “लोकांच्या कपड्यांना मी कधी उशीर केला नाही.”

मी म्हटलं, “ती चिठ्ठी फाडून टाकू या.”

“निघालेली परत टाकायची नाही. नियम आहे.” मग जराशी हसली. “आणि एवढी शिकलेली पोर चूक काढते, तर दुरुस्त करायला नको?”

फ्रॉक तिने दुसऱ्या दिवशी घरून आणला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला. बावीस वर्षांत पिवळा फिकट झाला होता. जुनी सुई गंजून कापडाला चिकटली होती. तिने ती हळूच सोडवली. भोवती तांबूस डाग राहिला. तो तिने काढला नाही.

पिवळं गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. पेन्सिलीची टरफलं, बसची तिकिटं, बल्बच्या खोक्याची कड, वाळलेलं पान. पान भरत आलं. मधोमध तिने दोन बोटं रुंदीचा चौकोन आखला आणि रिकामा ठेवला.

“इथे काय?”

“तिचा धागा. आतल्या घडीतून काढीन. पण आधी शिवून होऊ दे. उसवलेल्या कपड्याकडे धागा मागत नाहीत.”

रोज दुपारी ती चार टाके घालायची. कधी पाच. तिच्या हाताने तो घेर अर्ध्या तासात झाला असता. मी हे बोलले नाही. ती टाके घालायची, नखाने शिवण दाबायची, मग फ्रॉक घडी करून खणात ठेवायची आणि मला म्हणायची, “चल, उद्या.”

सोमवारीही म्हणाली.

मंगळवारी सकाळी ती आली नाही. अकराला शेठ जिना चढून वर आले. ते याआधी कधी वर आले नव्हते. “बाई गेल्या,” म्हणाले. “झोपेतच.” मी विचारलं, “कुठे?” खरंच असं विचारलं. ते पायरीवर बसले.

काल त्यांनी तिचा खण रिकामा केला. सगळं एका पिशवीत घालून मला दिलं.

“कुणाला देऊ? त्यांचं म्हणावं असं तूच.”

मी पिशवी घेतली. चिठ्ठी मी टाकली होती. ती टाकली नसती तर फ्रॉक वर्तमानपत्रातच राहिला असता. ते बरं झालं असतं की वाईट, ते मला ठरवता येत नाही. तिला विचारायला हवं होतं.

पिशवीत वही आहे, डबा आहे, फ्रॉक आहे. डब्यात एकच चिठ्ठी उरली आहे, ती मी उघडली नाही. फ्रॉक उलटा करून खिडकीत धरला. एका बाजूचे टाके जुने आहेत, बारीक, घाईचे. पुढचे नवे, त्याच जुन्या पिवळ्या दोऱ्याचे, जरा लांब. मला तिने बटण लावायला शिकवलं होतं, बाकी काही नाही.

चार बोटं घेर अजून उघडा आहे. सुई तिथेच टोचलेली आहे, दोरा ओवलेला.