रस्त्याच्या पलीकडून

ही गोष्ट मी सहा वर्षं कुणाला सांगितली नाही. बायकोलासुद्धा नाही.

मी गेवराईजवळच्या एका शाळेत शिक्षक आहे. शाळेची रस्त्याकडची भिंत रंगवायला एक पेंटर यायचे. वय साठीच्या घरात. सगळा गाव त्यांना चाचा म्हणायचा. फ्लेक्स आले आणि दुकानांच्या पाट्यांचं काम गेलं, तरी चाचांच्या हातातली रेघ तशीच होती. त्यांची एक रीत होती. खडूनं चित्र काढायचं, शिडीवरून उतरायचं, रस्ता ओलांडून पलीकडं जायचं आणि तिथं जो कुणी उभा असेल त्याला विचारायचं, "बोला, काय चुकलंय?" 'कसं झालंय' असं त्यांनी कधीच विचारलं नाही.

लोक काय, सांगायचेच. पेरूचा गाडा लावणारी मावशी म्हणायची, "चाचा, ह्यो बैल हाय का बकरी?"

"बकरीच हाय की मावशी," रिक्षावाला म्हणायचा, "शिंगं तेवढी उसनी आणल्यात."

चाचा हसायचे. अगदी पोटातून. मग ओलं फडकं घेऊन शिंगं पुसायला जायचे. एवढ्या वर्षांत मी त्यांच्याइतका धीट माणूस पाहिला नाही. तेव्हा मात्र मला ते बघवत नव्हतं. माझ्या कपाटात, जुन्या पँटींच्या खाली, एक वही होती. तीत चौदा वर्षं मी एक कादंबरी लिहीत होतो आणि कुणाला दाखवत नव्हतो. चाचांना हे कुठून कळलं देव जाणे.

"सर, तुमी बी लिव्हता म्हणं. दावा की."

"अजून पूर्ण व्हायचीय, चाचा."

"मंग आत्ताच दावा. पुरी झाल्यावर म्या काय सांगावं अन् तुमी काय ऐकावं?"

सहा वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आमच्या निम्म्या पोरांचे आईबाप ऊसतोडीला गेले. चाचांनी भिंतीवर डोक्यावर उसाची मोळी घेतलेली बाई काढायला घेतली. मोळी झाली, साडीवर घातलेला नवऱ्याचा शर्ट झाला, पायातले फाटके बूट झाले. तोंड मात्र कोरं ठेवलं. म्हणाले, "बाया परत येऊ द्या. तोंड कसं पाह्यजे, ते त्याच पलीकडून सांगतील."

मी मोबाइलवर त्या चित्राचा फोटो काढला आणि शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आपल्या शाळेला बिनतोंडाची हडळ लागली.' धडाधड हसरी तोंडं आली. मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो. फोटो गावात फिरला, ऊसतोडीला गेलेल्या बायांच्या मोबाइलवरही पोचला, शाळेच्या समितीपर्यंत गेला. 'पोरं भितील' असं कुणीतरी म्हणालं आणि दोन दिवसांत भिंतीवर चुना फिरला.

चाचा रंगाचे डबे घेऊन आले तेव्हा भिंत पांढरी होती. त्यांनी मलाच विचारलं, "सर, काय चुकलं होतं?"

"समितीचा निर्णय आहे, चाचा."

"ते खरं. पण पुसायच्या आधी मला पलीकडं बोलवायचं तरी." डबे उचलून ते गेले. परत शाळेकडं आले नाहीत.

परवा ते बाजारातल्या पिठाच्या गिरणीची भिंत रंगवताना दिसले. मी घरी गेलो, वही पिशवीत घातली आणि परत आलो. शिडीखाली उभा राहून म्हणालो, "चाचा, तो फोटो मी टाकला होता. हडळ मीच लिहिलं होतं."

ते सावकाश खाली उतरले. "का म्हून?"

"तुम्हाला अर्धवट दाखवता येत होतं. मला येत नव्हतं."

त्यांनी हातातला ब्रश डब्यात ठेवला. मग म्हणाले, "लई वाईट केलं, सर. त्या बाया अजून इचारतेत, आमचं चित्र कुटं गेलं म्हून." मी मान खाली घातली. त्यांचं लक्ष पिशवीकडं गेलं. "ह्ये काय?"

"वही."

"पुरी झाली?"

"नाही."

"चला पलीकडं."

पलीकडं एक केळीवाला होता आणि दळणाचे डबे घेऊन थांबलेल्या दोन बाया. मी उभ्यानंच तीन पानं वाचली. मधेच ट्रक गेला, तेव्हा एक वाक्य दोनदा वाचावं लागलं. वाचून झाल्यावर 'कशी वाटली' हे अगदी ओठांवर आलं होतं. चाचा माझ्याकडं बघत होते.

"बोला," मी म्हणालो, "काय चुकलंय?"

"सांगू का?" एक बाई डबा खाली ठेवत म्हणाली. "तुमच्या गोष्टीतली ती सून तीन पानं झाली नुसती रडतीय. त्या घरात सैपाक कोण करतंय?"

केळीवाला खो खो हसला. माझे कान तापले. चाचा हसले नाहीत. त्यांनी मला माफ केलं की नाही, तेही मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

"बाई बरोबर बोलतीय, सर," ते म्हणाले. "लिव्हून घ्या."

मी खिशात पेन शोधू लागलो.