चिंचेनं घासलेला स्फटिक

हरणाबाईनं नवऱ्याचं नाव आयुष्यात घेतलं ते लग्नातल्या उखाण्यात, तेवढंच. त्यानंतर 'आमचं ह्ये' नाहीतर 'इस्वजितचा बा' यावरच तिनं सगळा संसार निभावला. नाव होतं ते डाव्या हातावर, मनगटाच्या वर, गोंदून घेतलेलं. गुंडा. शाळेची पायरी तिनं कधी चढली नव्हती. अक्षरं म्हणून तिला तेवढीच ओळखू यायची, तीही आपल्याच हातावरची असली तर.

गाव माण तालुक्यातलं, दहिवडीच्या पलीकडचं. तिथल्या बाप्या माणसांचं जे व्हायचं तेच गुंडाचं झालं. मिसरूड फुटायच्या आत त्यानं मुंबई गाठली आणि गोदामात पोती वाहिली. गावाकडं यायचा तो जत्रेला आणि दिवाळीला. आला म्हणून बायकोजवळ दोन घटका टेकेल, तर ते नाही. चहा घशाखाली गेला की स्वारी विहिरीत उतरायची. विहिरीला पाणी बेताचंच, पण त्या काळ्या कातळावर गुंडाचा विश्वास दांडगा. अजून जरा खाली गेलं की पाणी लागणार, आणि पाणी लागलं की मुंबई सुटणार, असा त्याचा सरळ हिशेब होता. हरणाबाईनं तो हिशेब इतक्या वेळा ऐकला होता की तिचाही त्यावर विश्वास बसला होता.

असाच एकदा कातळ फोडताना आतली पोकळी उघडी पडली आणि तिच्यात त्याला तो खडा सापडला. मुठीत मावेल एवढा आणि अगदी नितळ. बाजू मात्र सगळ्या तिरक्या, वड्या पाडताना सुरी कलती पडावी तशा. माणात असल्या चकाकत्या दगडाला सरसकट गार म्हणतात. पण गुंडा पडला मुंबई पाहिलेला माणूस.

"गार न्हाई ही," तो म्हणाला, "स्फटिक हाय." झालं, त्या दिवसापासून घरात तो स्फटिक.

त्यानं तो हरणाबाईच्या हातावर ठेवला, नेमका स्वतःच्या नावावर. तिनं वाकून पाहिलं तर आत एकाची दोन नावं.

"आगं बया! ह्ये काय वं?"

"दोन गुंडा झालं. आता बघ हां." त्यानं खडा हळूहळू फिरवला. एक नाव जागच्या जागी राहिलं आणि दुसरं त्याच्याभोवती फिरू लागलं. "फिरतुय त्यो मुंबईचा. जागंवर हाय त्यो तुजा. आता म्या गेल्यावर रडायचं न्हाई."

रडायची ती रडायचीच. पण एस.टी.चा धुरळा खाली बसला की घरात येऊन ती खडा हातावर ठेवायची. कधी फिरवून बघायची, कधी नुसतीच बघत बसायची. नवरा-बायको म्हणून ती दोघं जेवढी एकत्र राहिली नसतील, तेवढी ती त्या खड्याजवळ बसली असेल.

गुंडा गेला तो मुंबईतच. तापाचं निमित्त झालं. गाडीतून आणला तेव्हा तोंड बघण्यापुरता आणला, बोलायचा राहिला नव्हता. हरणाबाईनं त्याचा शर्ट, चप्पल, सगळं वाटून टाकलं आणि खडा तेवढा देव्हाऱ्यात नेऊन ठेवला, खंडोबा-बिरोबाच्या पितळी टाकांशेजारी. घरातल्या सगळ्यात मोलाच्या वस्तूला तिच्या लेखी तीच एक जागा होती. रोज हळदी-कुंकू आणि अमावास्या आली की सगळे देव ताटात काढून चिंचेनं लख्ख घासायचे. खंडोबा घासला, बिरोबा घासला, त्याच हातानं खडाही घासला. त्याच्यावर तर तिचा हात जरा जास्तच चालायचा.

पुढं विश्वजीत सांगलीला नोकरीला लागला, विश्रामबागेत फ्लॅट घेतला आणि आईला घेऊन गेला. देव्हारा फडक्यात बांधून मांडीवर आला. तिथं वर्षं सरली तसा खडा अंधुक दिसायला लागला. आधी दोन नावं पुसट झाली, मग एकावर एक आली, मग नुसताच हिरवा डाग उरला. हरणाबाईनं दोष दिला डोळ्यांना. मोतीबिंदू होताच. विश्वजीतनं मिरजेला नेऊन ऑपरेशन करवलं. पट्टी निघाली आणि हरणाबाईला इतकं स्वच्छ दिसायला लागलं की परतीच्या रिक्षातच तिनं सुनेला सांगितलं, "श्रद्धे, तुजं लय केस पांढरं झाल्यात गं." श्रद्धा बिचारी हसली.

घरी पाऊल टाकल्या टाकल्या म्हातारी देव्हाऱ्याशी गेली. खडा हातावर ठेवला. वाकली. पुसला, पुन्हा ठेवला. खिडकीशी गेली. पितळी खंडोबाच्या घोड्याचा कान तिला दिसत होता, खाली रस्त्यावरचं कुत्रं दिसत होतं, पण खड्यातून काहीच दिसत नव्हतं.

"डोळं आलं माजं," ती म्हणाली, "आन ह्यो गेला."

त्या दिवशी ती जेवली नाही. विश्वजीत समजूत घालायला गेला. "आये, आगं असलं दगड प्रदर्शनात ढिगानं मिळत्यात. दुसरा आणतो की." मुलगा गुणाचा, पण कुठं काय बोलावं हे त्याला कधी कळलंच नाही. पुढं बरेच दिवस म्हातारी त्याच्याशी धड बोलली नाही.

शेवटी श्रद्धानं तिला खालच्या मजल्यावर नेलं. तिथं विनोदिनीबाई राहायच्या. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. दुसऱ्यांच्या कपाटात काचेची भांडी असतात, यांच्या कपाटात दगड होते. त्यांनी खडा हातात घेतला आणि विचारलं, "हरणाबाई, कोपऱ्यात एक बारीक ओरखडा काढला तर चालेल?"

हरणाबाईचा हात खडा परत घ्यायला पुढं झाला. पण ती हो म्हणाली.

विनोदिनीबाईंनी नख ओढलं, काही उमटलं नाही. चाकूचं टोक ओढलं तर पांढरी रेघ उठली. मग खडाच काचेच्या तुकड्यावर दाबून ओढला, काचेला काही झालं नाही. "स्फटिक असता तर काचेवर ओरखडा पडला असता आणि चाकूला त्यानं दाद दिली नसती. हा मऊ आहे. दिसायला सारखे असतात, म्हणून आम्ही नुसत्या दिसण्यावर जात नाही." एवढं बोलून त्यांनी एका बाटलीतला आम्लाचा थेंब कोपऱ्यावर सोडला. बारीक बुडबुडे फसफसून वर आले. "हा कॅल्साइट. याला आंबट सोसत नाही. आंबट लागलं की विरघळतो." मग त्यांनी मान वर करून सहज विचारलं, "याला धुता कशानं तुम्ही?"

"चिंचंनं. देव आनि कशानं धुत्यात?"

बोलून झाल्यावर ते तिचं तिलाच ऐकू आलं. हरणाबाईनं आपले दोन्ही हात मांडीवर उलटे करून पाहिले.

"म्हंजी म्याच पुसलं व्हय त्यास्नी," ती म्हणाली. "रगडून रगडून पुसलं."

विनोदिनीबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "वरचं कातडं तेवढं गेलंय, हरणाबाई. आत तो अजून स्वच्छ असणार. हा दगड स्वतःच्या तिरप्या बाजूंनीच फुटतो, कुठंही फोडा. वरून आणि खालून एकेक पापुद्रा उडवला तर पुन्हा दिसेल. मात्र आत चीर असली तर तुकडे होतील. खोटं सांगणार नाही मी."

"फोडायचा?" म्हातारी ताडकन उठली. खडा पदरात बांधला आणि जिना चढून वर गेली. देवाला कुणी घाव घालतं का?

पण वर जाऊन तिला चैन पडेना. उदबत्ती लावताना खड्याकडं लक्ष जायचं. ठेवला तर आंधळा, फोडला तर कदाचित भुगा. आंधळा का होईना, जवळ तरी आहे, असं सकाळी वाटायचं. दुपारी हातावरचं नाव दिसलं की वाटायचं, जवळ असून दिसत नाही ते मुंबईत असल्यासारखंच. त्याची तिला सवय होती, पण आता त्या सवयीचा वीट आला होता. आठवण यायची ती माणसाची नव्हेच आता, त्या दोन नावांची यायची. माणूस तसा तिला मिळाला होता कुठं?

अमावास्या आली. हरणाबाईनं चिंच भिजत घातली, देव ताटात काढले आणि खड्याशी हात थांबला. त्याच्या जागी तिनं एक सुपारी ठेवली. खडा घेतला, स्वतःच्या खलबत्त्यातला बत्ता घेतला आणि खाली जाऊन विनोदिनीबाईंची बेल दाबली.

"द्येव न्हवताच त्यो, बाई. मानूस हुता. मानसाला फडक्यात गुंडाळून पेटीत ठिवायचं असतं, चिंचंनं घासायचं नसतं. चुकलं माजं. पर घाव मीच घालनार."

विनोदिनीबाईंनी दगडाच्या कलानं चाकूचं पातं धरलं. हरणाबाईनं बत्ता उचलला. नेम धरला आणि पात्यावर हलकेच मारलं. टक् झालं. वरचा पांढुरका पापुद्रा वडी सुटावी तसा सुटला. खडा उलटा केला, पुन्हा टक्. आतून जे निघालं ते विहिरीतून निघालं होतं तेवढंच नितळ होतं, जरा बारीक झालेलं.

तिनं ते हातावर ठेवलं. कातडी सैल पडली होती, गोंदण पसरून फिकं झालं होतं. हरणाबाई वाकली आणि कितीतरी वेळ वर उठलीच नाही.

"वाचा की, बाई. माज्या तोंडानं न्हाई येत."

विनोदिनीबाई वाकल्या. "गुंडा," त्यांनी वाचलं. मग दुसऱ्यांदा, "गुंडा."

"व्हय," हरणाबाई म्हणाली. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही, कारण एका हातावर नाव होतं आणि दुसऱ्यात खडा.

विनोदिनीबाईंमधली शिक्षिका जागी झाली. "आता जरा फिरवून बघा. एक जागेवर राहील आणि दुसरं…"

"नगं, बाई," हरणाबाईनं खडा बोटांनी घट्ट दाबून धरला. "फिरवला की ह्यो परत मुंबईला जातुय."