उंद्रीचा हौद कोणाचा?

वडील वारले तेव्हा त्यांच्या नावाने उंद्रीला, विहिरीला लागूनच, गाडीबैलांसाठी दगडी हौद बांधून दिला. म्हणजे बांधला गवंड्यांनी, पैसे मी अकोल्याहून पाठवले. यंदा कापसाच्या दिवसांत म्हटले, जाऊन यावे. चार लोकांच्या तोंडून वडिलांचे नाव ऐकावे, एवढाच हेतू होता.

कोणाला जायचे असेल तर सकाळची गाडी धरा. शेगावला अर्धा डबा उतरतो, खिडकी मिळते. जलंबला बदलून खामगाव, आणि तिथून चिखलीच्या रस्त्याने मोटार. ती भरल्याशिवाय हलत नाही. भाडे आधी ठरवा, नाहीतर ड्रायव्हर तुमचा कोट बघून ठरवतो. घाटात धूळ इतकी, की उंद्रीला उतरलो तेव्हा माझा काळा कोट खाकी झाला होता.

हौदापाशी कापसाच्या गाड्या सोडून बैल मोकळे केले होते. मी बसवलेल्या, वडिलांच्या नावाच्या कोरीव पाटीला कोणीतरी कडब्याची पेंढी टेकवून ठेवली होती. एका गाडीवानाला सहज विचारल्यासारखे विचारले, "कोणाचा हो हा हौद?"

"करीमचाचाचा हाय ना जी."

"बांधला कोणी?"

"बांधला असंन कोनं तरी. भरते तं चाचाच!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गाडीवानांनी आग्रहाने गोवरीवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी वाढली. अशी भाजी अकोल्यात मिळत नाही, पण तेव्हा घास गोड लागेना.

संध्याकाळी करीमचाचा आले. म्हातारे पिंजारी, दाढीत कापूस अडकलेला. बैल हौदाशी आले की ते शीळ घालत, बारीक, लांब, आणि बैल माना खाली घालून पीत राहत. मी विचारले, "रोज एवढं पाणी ओढता, तुम्हाला काय मिळतं चाचा?"

"मिळते म्हंजे? बैल पानी पेते तं माह्या घशाले गार वाट्टे, भाऊ."

हे ऐकून तर मी आणखीच जळलो. दगड माझे, गार वाटते यांना! ठरवले, उद्या हौद मी भरणार. मग बघू कोणाचा म्हणतात.

धर्मशाळेतून झुंजूमुंजू होताच निघालो. शिळे पाणी उपसून टाकले, बादली सोडली. थोड्या वेळात हाताची सालटी निघाली, धोतर गुडघ्यापर्यंत भिजले. हौद भरला तोच एक गाडी आली. बैलाने पाणी हुंगले आणि मान फिरवली. चाचांची शीळ आठवली, पण मला ती कुठली येते? नुसती हवाच निघत होती. पुन्हा पुन्हा घातली तेव्हा कुठे एक सूर लागला. बैलाने कान टवकारले, मान खाली घातली आणि प्यायला लागला. प्रत्येक घोटाबरोबर त्याचा गळा हलत होता, आणि खरे सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आले. गाडीवानाला वडिलांचे नाव सांगायचे होते, ते सांगितलेच नाही.

इतक्यात चाचा आले. भरलेला हौद पाहून त्यांचा चेहरा उतरला. मला वाटले, आभार मानतील.

"हे काय केलं भाऊ? माही मजा तुमीच घेऊन राह्यले! असं नोका करत जाऊ."

आणि रागारागाने त्यांनी माझ्या हातातली बादली ओढून घेतली. मी मोटारीत बसलो तेव्हाही ते भरल्या हौदात उगाच आणखी एक बादली ओतत होते.

घरी आल्यावर बायकोने तळहातांना तूप लावले आणि सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "आपल्या टांगा-अड्ड्यावरचा हौद तर कायम कोरडाच असतो."

"हळू बोल," मी म्हणालो. "शेजारचे दादासाहेब ऐकतील, आणि माझ्याआधी उठून बादली घेऊन जातील."